पाणी हातात येते ती जागा : हायड्रंट व्हॉल्व्ह आणि होज कपलिंगच्या अभ्यासाची प्रस्तावना

इमारतीच्या अग्निसुरक्षेचा विषय निघाला की आपले लक्ष आधी मोठ्या गोष्टींकडे जाते. जमिनीखालची टाकी किती लाख लिटरची, पंप किती क्षमतेचा, रायझर (मजल्यांवर पाणी नेणारा उभा पाइप) किती जाडीचा, वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो का, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण या यंत्रणेतून चढत आलेले पाणी शेवटी ज्या ठिकाणी माणसाच्या हातात पडते, ती जागा वीतभर लांबीची असते. एका बाजूला इमारतीच्या मालकाने बसवलेला व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला त्या इमारतीत बहुधा पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या जवानाच्या खांद्यावरचा होज, आणि मधे ६३ मिलिमीटरची एक जोडणी. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना माझी पहिली विनंती अशी, की अभ्यासाची सुरुवात या जोडणीपासून करावी आणि तिथून मागे मागे पंपाकडे जावे. पंपाकडून पुढे येणाऱ्याला व्हॉल्व्ह आणि कपलिंग या खरेदीच्या यादीतल्या तळाच्या, स्वस्तातल्या वस्तू वाटतात. उलट दिशेने चालत गेलेल्याला कळते, की टाकी, पंप आणि रायझर हे सगळे त्या दोन वस्तूंसाठीच उभे केलेले असते.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा हा विषय आहेच. पण तो तितकाच प्लंबिंगच्या सल्लागाराचा, कारखान्यातल्या खरेदी विभागाचा, रुग्णालयाच्या देखभाल अभियंत्याचा आणि तीन कोटेशने समोर ठेवून सर्वांत कमी दराचे निवडायला बसलेल्या सोसायटीच्या सचिवांचाही आहे. यातले गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रापलीकडे जात नाही. लागते ते एवढेच, की वस्तू हातात घेऊन पाहण्याची सवय हवी, आणि ही वस्तू वापरणारा माणूस कोणत्या अवस्थेत असेल याची जाणीव हवी. तो अंधारात, धुरात, जाड हातमोजे घालून, गुडघ्यावर बसलेला असतो. निवडीचा प्रत्येक प्रश्न त्याच्या हातापाशी येऊन थांबतो.

जोडणी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे जगाला एका आगीने शिकवले. ७ फेब्रुवारी १९०४ च्या रविवारी सकाळी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या व्यापारी पेठेत आग लागली. काही तासांतच ती शहराच्या दलाच्या आवाक्याबाहेर गेली आणि तारा पाठवून मदत मागवण्यात आली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेवर चढवून आणले, पाठोपाठ फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून कुमक आली. माणसे होती, बंब होते, शहराच्या नळांत पाणीही होते. मात्र बाहेरून आलेल्या अनेक पथकांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात. प्रत्येक शहराने आपापल्या कारखानदाराकडून आपापल्या मापाचे आटे पाडून घेतले होते. आग सुमारे ३० तास चालली. जोन्स फॉल्स या नदीच्या काठावर ती अखेर अडवली गेली, तोवर दीड हजारांहून अधिक इमारती गेल्या होत्या.

या आगीनंतर अमेरिकेत अडीच इंची होजसाठी एका इंचात साडेसात आटे असे राष्ट्रीय माप ठरले. गोष्ट इथे संपली असती तर इतिहासाच्या पुस्तकात राहिली असती. अभ्यासकाने लक्ष द्यावे ते पुढच्या भागाकडे. शंभर वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या अहवालाने आढावा घेतला तेव्हा देशातल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या ४८ शहरांपैकी फक्त १८ शहरांत हे राष्ट्रीय माप आढळले. मधे १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, २५ माणसे गेली, आणि शेजारच्या शहरांतून आलेल्या पथकांना पुन्हा तीच अडचण आली. ओकलंडच्या हायड्रंटचे तोंड तीन इंची होते आणि मदतीला आलेल्यांचे होज अडीच इंची. याचे कारण कोणाचा निष्काळजीपणा इतके सोपे नाही. शहरात हजारो हायड्रंट एका मापाचे बसले, बंबांवरचे सगळे होज त्या मापाचे झाले, की बदलाचा खर्च दरवर्षी पुढे ढकलला जातो. पहिल्या खरेदीत झालेली निवड पिढ्यान् पिढ्या टिकते, आणि म्हणून ती निवड करणाऱ्याची जबाबदारी त्याच्या नोकरीच्या मुदतीपेक्षा कितीतरी लांब असते.

जोडणीचे जगात मुख्यतः दोन वंश आहेत. एक आट्यांचा, म्हणजे पिळून बसवायचा. दुसरा झटपट बसणारा. झटपट बसणाऱ्यांत सर्वांत पसरलेले नाव श्टॉर्झचे. गुइडो श्टॉर्झ या अभियंत्याने १८८२ मध्ये ते शोधून काढले. त्याच्या कपलिंगचे दोन्ही अर्धे भाग हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे होजचे कोणते टोक कुठे हा प्रश्नच उरत नाही. जर्मनीसह युरोपात बऱ्याच ठिकाणी हेच चालते. फ्रान्सचे गिय्मँ कपलिंगही असेच समान अर्धांचे, पण त्याची घडण निराळी. स्पेनमध्ये बार्सिलोना नावाचे कपलिंग आहे, जपानात माचिनो. ब्रिटनने ढकलून खटक्याने बसणारे इन्स्टन्टेनियस कपलिंग स्वीकारले. तिथेही आधी गावोगावी वेगवेगळे नमुने होते. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत एका गावची पथके दुसऱ्या गावात धावू लागली तेव्हा त्याचा त्रास उघडा पडला, आणि १९४१ मध्ये सगळी दले एका राष्ट्रीय सेवेत आल्यावर एकसारखेपणाला जोर मिळाला.

भारताने ब्रिटिश वळण घेतले आणि ते टिकवले. होज कपलिंग, ब्रँच (होजच्या टोकाची, नोझल बसवायची नळी) आणि नोझलसाठी आयएस ९०३, जिन्यातल्या लँडिंग व्हॉल्व्हसाठी आयएस ५२९०, होजसाठी आयएस ६३६, आणि हे सगळे इमारतीत कसे बसवायचे व सांभाळायचे यासाठी आयएस ३८४४ ही भारतीय मानके आपली मूळ कागदपत्रे. त्यांच्यामुळे कुलाब्याच्या उंच इमारतीतले तोंड आणि गडचिरोलीच्या रुग्णालयातले तोंड एकच, ६३ मिलिमीटरचे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला जे शंभर वर्षांत साधले नाही ते आपल्याकडे आयते आहे, आणि ते जपण्यासारखे आहे असे मला मनापासून वाटते. धोका येतो तो परदेशी आराखड्यावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांतून. मूळ कंपनीच्या मानकांप्रमाणे अमेरिकी आट्यांचे व्हॉल्व्ह आयात होतात, कारखान्याच्या स्वतःच्या होजवर ते नीट बसतात, तपासणीच्या दिवशी सगळे उत्तम दिसते. मग खरोखर आग लागते आणि महापालिकेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब येतो, तेव्हा त्याच्या होजचे मेल, म्हणजे आत शिरणारे, कपलिंग घालायला तोंडच सापडत नाही. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना हे चांगले ठाऊक असते, कारण तिथे ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन्ही वळणे भेटतात. अशा ठिकाणी मोजपट्टी हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा : पहिला बंब कोणाचा येणार? उत्तर मिळाले की तोंडाचे माप ठरले.

समुद्रावरच्या लोकांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार जहाजांवर एक ठरलेला फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) असतो. त्याचा बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतला ६४, आणि १३२ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट. एका बाजूला हा फ्लँज आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचे स्वतःचे कपलिंग. मुंबई बंदरात उभ्या कोणत्याही देशाच्या जहाजाला किनाऱ्याचे पाणी याच फ्लँजमधून देता येते. कारखान्यात आयात व्हॉल्व्ह काढणे अगदीच अशक्य असेल तर असेच ॲडॅप्टर प्रत्येक तोंडाशी साखळीने बांधून ठेवावेत. कुलूपबंद स्टोअरमधले ॲडॅप्टर आगीच्या वेळी नसल्यातच जमा.

आता लँडिंग व्हॉल्व्ह जवळून पाहू. रायझरकडचे त्याचे तोंड फ्लँजचे असते, एका तोंडाच्या व्हॉल्व्हला ८० मिलिमीटरचे, दोन तोंडांच्याला १०० चे. वर चक्री, चक्रीखाली स्पिंडल, स्पिंडलच्या तळाशी रबर बसवलेली तबकडी. चक्री फिरवली की तबकडी आसनावरून उठते आणि पाणी बाहेरच्या तिरक्या तोंडाकडे वळते. ते तोंड फिमेल असते. त्याच्या आत रबरी वॉशर, आणि दोन बाजूंना स्प्रिंगवरच्या दोन खुंट्या. होजचे मेल टोक आत ढकलले की खुंट्या मागे सरतात आणि त्याच्या कडेमागे खटकन अडकतात. वॉशरची घडण अशी, की पाण्याचा दाब जितका वाढेल तितका तो मेल टोकाला घट्ट चिकटतो. यातली अक्कल विलक्षण आहे : पाना नको, पीळ नको, अंधारात कानाने कळते की जोडणी बसली.

या खुंट्यांवर काय भार येतो ते एकदा काढून पाहावे. ६३ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो असेल, तर जोडणी उखडू पाहणारे बल सुमारे ३१० किलो. दोन छोट्या खुंट्या आणि त्यांना आधार देणारे ओतीव कान हे तीनशे किलो धरून ठेवतात. ओतकामात हवेचा एक बुडबुडा राहिला, किंवा वजन वाचवण्यासाठी कान पातळ केले, तर तो दोष नेमका इथे उघड होतो, आणि सुटलेले कपलिंग माणसाचे हाड मोडू शकते. म्हणून आयएस ५२९० मध्ये व्हॉल्व्हच्या अंगाची चाचणी चौरस सेंटिमीटरला २१ किलोवर आणि आसनाची १४ किलोवर सांगितली आहे. शिवाय ७ किलोच्या दाबाला पूर्ण उघडलेल्या तोंडातून मिनिटाला किमान ९०० लिटर पाणी आले पाहिजे. बाहेरून बरोबर दिसणारा पण आतून अरुंद ओतलेला व्हॉल्व्ह या शेवटच्या कसोटीला उतरत नाही, आणि ती कसोटी नजरेने होत नाही. आयएसआय चिन्ह आणि त्या मालाच्या चाचणीचा दाखला मागणे हा संशय मानू नये.

मेल आणि फिमेल हा भेद या पद्धतीत दिशा ठरवतो. व्हॉल्व्हचे तोंड फिमेल, म्हणून होजचे मेल टोक व्हॉल्व्हकडे आणि फिमेल टोक आगीकडे, जिथे ब्रँच बसायची. याच कारणाने इमारतीच्या दारातल्या फायर ब्रिगेड इनलेटची तोंडे मेल असतात, कारण तिथे पाणी होजमधून इमारतीत शिरते. व्हॉल्व्हजवळच्या पेटीत होजची गुंडाळी उलटी ठेवलेली असली तर होज संपूर्ण उलगडून फिरवावा लागतो, आणि धुराने भरलेल्या जिन्यात हे करणे किती वेळखाऊ आहे हे सांगायला नको.

निवडीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत रंजक भाग दाबाचा आहे. तिथे जरा थांबू.

राष्ट्रीय इमारत संहितेने सर्वांत वरच्या आणि दूरच्या हायड्रंटवर किमान ३.५ बार (१ बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो) दाब मागितला आहे. आता ७० मीटर उंचीची इमारत घ्या. १० मीटर उभ्या पाण्याला साधारण १ बार धरला, तर वर ३.५ बार ठेवण्यासाठी तळमजल्याच्या व्हॉल्व्हवर किमान साडेदहा बार येतो, घर्षणाचा हिशेब वेगळा. म्हणजे एकाच रायझरवरचे, दिसायला एकसारखे व्हॉल्व्ह दोन निराळ्या जगांत काम करतात. २० मिलिमीटरच्या साध्या नोझलमधून ३.५ बारला मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी निघते आणि धरणाऱ्याला मागे ढकलणारे बल सुमारे २२ किलो असते. तेच नोझल ७ बारवर चालवले तर पाणी ७०० लिटरच्या आसपास जाते आणि धक्का ४५ किलोंवर. पाणी दीडपटीहून कमी वाढले, धक्का दुप्पट झाला. साडेदहा बारला तो ६७ किलो होतो. सोसायटीचा सुरक्षारक्षक तळमजल्यावर असा होज उघडेल तर आग विझवण्याआधी तो स्वतः भिंतीवर आपटेल.

हा जास्तीचा दाब उतरवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक नव्या अभ्यासकाने पक्का करावा. पहिला म्हणजे रायझर आणि व्हॉल्व्ह यांच्या फ्लँजमध्ये बसवायची ऑरिफिस प्लेट. ती एक भोक पाडलेली चकती. पाणी वाहत असताना ती दाब खाते, पण नोझल बंद केले की वाहणे थांबते आणि होजवर पुन्हा पूर्ण साडेदहा बार येतो. दुसरा म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, जो पाणी वाहत असो वा थांबलेले असो, दाब ठरल्या मर्यादेत ठेवतो. तो महाग, त्यात हलणारे भाग, आणि त्याची देखभाल कायमची. प्लेट स्वस्त आणि कधीही न बिघडणारी, मात्र प्रत्येक मजल्याच्या प्लेटचे भोक वेगळे. चौथ्या मजल्याची प्लेट विसाव्या मजल्यावर बसली तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि विसाव्या मजल्यावर आग लागेपर्यंत कळतही नाही. म्हणून प्लेटचा कान फ्लँजबाहेर राहील अशी ती घडवून घ्यावी आणि त्यावर मजला आणि भोकाचा व्यास ठोकून घ्यावा. खर्च नगण्य आहे.

दाबाची चूक काय करते, याचे उदाहरण फिलाडेल्फियाचे आहे. वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री २२व्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. इमारतीची वीज गेली. जवान होज घेऊन वर पोचले, व्हॉल्व्ह उघडले, आणि धार आगीपर्यंत पोचेल इतका दाब मिळेना. व्हॉल्व्ह दाब कमी करणारे होते आणि त्यांची मर्यादा चुकीच्या, फार खालच्या आकड्यावर लावलेली होती. दलाच्या हातातली फवारा नोझले मात्र सुमारे ७ बार मागणारी. व्हॉल्व्हची मर्यादा तिथल्या तिथे बदलण्याची हत्यारे आणि जाणकार माणूस वेळेवर हाताशी नव्हते. तीन जवान त्या आगीत गेले. मजल्यामागून मजला चढत गेलेली आग अखेर ३०व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर बसवलेले होते. १० स्प्रिंकलर उघडले आणि त्यांनी ती रोखली. पुढे १९९३ मध्ये अमेरिकी मानकाने रायझरच्या तोंडावरचा किमान दाब सुमारे साडेचार बारवरून सुमारे ७ बारवर नेला.

या आगीतून आपल्या बाजारासाठी एक थेट निष्कर्ष निघतो. आपल्या इमारती ३.५ बारच्या हिशेबाने बांधल्या जातात. हल्ली पेटीत साध्या नोझलऐवजी फवारा, धुके, सरळ धार असे सगळे देणारे बहुउद्देशी नोझल ठेवण्याकडे कल आहे. त्यांतली बरीच नोझले ६–७ बारला नीट चालतात आणि ३.५ बारला नुसती गळल्यासारखी धार सोडतात. नोझल निवडायचे तर कमी दाबावर चालणारे निवडावे, किंवा यंत्रणेचा दाब आधी वाढवावा. होजमधला तोटा तुलनेने लहान असतो : ५०० लिटरच्या प्रवाहाला १५ मीटरच्या ६३ मिलिमीटर होजमध्ये बारच्या पाचव्या भागाहूनही कमी. पण तो सरळ अंथरलेल्या होजचा आकडा आहे. पेटीतून बाहेर पडतानाच होज मुरगळला तर हिशेब कोसळतो. व्हॉल्व्हचे तोंड तिरके ठेवण्यामागे हेच कारण आहे, आणि वास्तुरचनाकाराने सजावटीसाठी पेटी उथळ केली तर ते सगळे वाया जाते. चक्रीभोवती हातमोजा घातलेली मूठ पूर्ण फिरली पाहिजे आणि पेटीचे दार पूर्ण उघडले पाहिजे, ही कसोटी नकाशावर न करता प्रत्यक्ष एक पेटी लावून करावी.

धातूच्या निवडीवर वाद बराच चालतो. गनमेटल म्हणजे साधारण ८५ टक्के तांबे आणि उरलेले कथील, शिसे, जस्त. गंजत नाही, घासले तरी अडकत नाही, ओतायला सोपे. त्याचा एकमेव मोठा दोष म्हणजे भंगाराच्या दुकानात त्याला चांगला भाव मिळतो. पेटीतली नोझले आणि कपलिंगे चोरीला जाणे हे आपल्या शहरांतले नेहमीचे दुखणे आहे, आणि त्यामुळे अनेक जण स्टेनलेस स्टीलकडे वळले. स्टेनलेसची अडचण अशी, की स्टेनलेसच्या आट्यांवर स्टेनलेसच फिरला तर दाबाखाली दोन्ही एकमेकांना धरतात. म्हणून स्टेनलेस व्हॉल्व्ह घेताना स्पिंडलचा नट वेगळ्या धातूचा आहे ना, हे विचारावे. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ३०४ जातीच्या पोलादावर डाग आणि बारीक खड्डे पडतात, तिथे ३१६ जात बरी. ॲल्युमिनियमचे कपलिंग हलके, उचलायला सुखाचे, पण ते गनमेटलच्या तोंडात वर्षभर खाऱ्या दमट हवेत बसून राहिले तर ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि जोडणी जाम होते. किनाऱ्यावर गनमेटलला गनमेटल हाच माझा कौल आहे. चोरीवर उपाय म्हणून धातू हलका करण्यापेक्षा पेटीला काच आणि मजल्यावर लक्ष ठेवणारा माणूस असावा.

जी गोष्ट मानकांत क्वचित ठळक दिसते पण इमारतींत सर्रास दिसते, ती रंगाची. सोसायटीचे रंगकाम निघते, रंगारी पाइपला लाल ऑइलपेंट मारत मारत व्हॉल्व्हपर्यंत येतो आणि चक्री, स्पिंडल, तोंड, खुंट्या सगळ्यांवर ब्रश फिरवतो. व्हॉल्व्ह लखलखीत लाल होतो. खुंट्यांच्या भोवती रंग वाळतो, स्प्रिंग त्याला ढकलू शकत नाही, आणि मेल टोक आत जाते पण अडकत नाही. पाणी सोडले की होज सुटून उडतो. रंगकामाच्या करारात एक ओळ घालावी : फिमेल तोंड आणि स्पिंडलला रंग लावू नये.

वॉशर म्हणजे अगदी स्वस्तातले रबरी कडे. तो उन्हाने, वयाने कडक होतो, कधी व्हॉल्व्हच्या तोंडावरची कॅप (झाकण) बदलताना हरवतो. तसेच कॅपचे. व्हॉल्व्ह बंद असूनही थोडा गळत असेल तर कॅपमागे दाब साचतो, खुंट्या त्या दाबाने घट्ट धरल्या जातात आणि कॅप निघता निघत नाही. कॅप सहज न निघणे ही व्हॉल्व्ह गळत असल्याची खूण समजावी. होजच्या टोकाला कपलिंगवर तारेने केलेली बांधणी हाही तपासणीचा भाग. तार सैल झाली की होज कपलिंगवरून सरकतो, आणि ते फक्त दाबाखाली कळते.

कायद्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ ने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ब मधले प्रमाणपत्र द्यायचे असते. ही तरतूद चांगली आहे. मात्र प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने पाणी चालवून पाहिले का, कोणत्या मजल्यावर, किती दाब आला, हे विचारण्याचा हक्क रहिवाशाला आहे आणि तो त्याने बजावला पाहिजे. पंप चालू करून प्रेशर गेज दाखवणे पुरेसे नाही. थांबलेल्या पाण्याचा दाब अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह किंवा चुकीची प्लेट लपवतो. वाहत्या पाण्याचा दाब लपवत नाही.

या विषयात येणाऱ्या नव्या अभ्यासकाला मी एवढेच सुचवीन, की मानके वाचताना शेजारी एक व्हॉल्व्ह, एक होज आणि एक ब्रँच ठेवावी. अग्निशमन केंद्रातले अनुभवी लोक विचारले तर मनमोकळेपणाने दाखवतात. आग लागलेल्या मजल्याच्या खालच्या मजल्यावर होज का जोडतात, दोन होजची लांबी का धरावी लागते, पेटीची जागा जिन्याच्या लगत का हवी, हे त्यांच्याकडून एका तासात कळते ते पुस्तकातून महिन्यात कळत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होज जोडा, ब्रँच बसवा, परवानाधारक माणसाला सोबत घेऊन पाणी चालवा आणि वाहत्या पाण्याचा दाब वहीत लिहून ठेवा. तळमजल्यावरही तेच करा. पुढची प्रकरणे ते दोन आकडे समोर ठेवून वाचावीत.